मांडीची शीर

नाशिकच्या एका दवाखान्यात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मी गुंगीत पडून होतो. शेजारच्या खाटेवर सायखेड्याचे एक साठीचे शेतकरी होते. त्यांचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीच्या जागी त्यांना पूर्वी कृत्रिम नळी बसवली होती. आता तिथे पू झाला होता आणि ताप हटत नव्हता.

"ती नळी काढून तुमच्याच मांडीच्या शिरांची नवी करू," डॉक्टर म्हणाले. "जोखीम मोठी आहे, पण नाही केलं तर त्याहून मोठी."

दुपारभर ते चादरीखाली मांड्यांवरून हात फिरवत राहिले, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "लय चालल्या या," बायकोला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, तिथे ती पदर धरून उभी राहिली. मला झोप लागली. जाग आली तेव्हा खाट रिकामी होती.

पुढे मी टाके काढायला गेलो, तर ते व्हरांड्यात बायकोचा खांदा धरून हळूहळू चालत होते. शिरा काढलेले पाय सुजले होते. मला ओळखून थांबले. माझा हात धरून त्यांनी आपल्या वाळलेल्या पोटावर, पट्टीच्या कडेला अलगद ठेवला.

"हाताला लागतंय का, भाऊ?"

तळव्याखाली संथ, एकसारखे ठोके पडत होते.

"आता आत परकं काही नाय," म्हणत त्यांनी डोळे मिटले. माझा नंबर पुकारला गेला, तरी हात काढावासा वाटेना.