राखून ठेवलेली रंगीत टेकडी

आमच्या पेणच्या भावोजींनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पुरती बघितली नाही, पुरती खाल्ली नाही आणि कुणाच्या घरून ते कधी पुरते निघालेही नाहीत. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपण सगळेच पाळतो. भावोजींचं म्हणणं, नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही, परत यायला काहीतरी कारण मागं ठेवावं लागतं. म्हणून आमच्या रोह्याच्या घरून जाताना ते छत्री खुंटीलाच ठेवून जात, अगदी वैशाखातसुद्धा. मग पुढच्या रविवारी ती न्यायला ते आणि माझी ताई, दोघं हजर. पंगतीत शेवटची जिलबी पानात तशीच ठेवून ते वाढप्याची बोलणी खात. सिनेमा संपायच्या आधी उठत, आणि शेवट काय झाला ते कळायला ताईला शेजारणीबरोबर पुन्हा जावं लागे. एकदा रायगड धापा टाकत चढले आणि टकमक टोक पुढच्या खेपेला म्हणून तसेच उतरले. ती खेप अजून यायचीच आहे.

पंचाण्णवच्या सुमारास लेकीनं आणि जावयानं दोघांना इंग्लंडला बोलावलं आणि आठवडाभर आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर हिंडायला नेलं. तिथल्या गमती ताईनं नंतर आमच्या ओटीवर बसून हसत हसत सांगितल्या. भावोजींना ते बेट भलतंच मानवलं. कुणाला कसली घाई नाही, म्हातारी माणसं समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलेली. भावोजीही बसले. इंग्रजीचा गंध नाही, पण शेजारच्या साहेबानं बिस्किट पुढं केलं तेव्हा यांनी खिशातून पोह्याचा पापड काढून दिला, आणि दोघं तासभर समुद्र बघत राहिले. तिथं कोळशाच्या इंजिनाची एक जुनी गाडी चालते. आपल्या रोहा गाडीपेक्षाही हळू जाणारी गाडी जगात आहे हे पाहून त्यांना कोण आनंद झाला. एका स्टेशनात कुणी चढलं नाही की उतरलं नाही, तेव्हा ते ताईला म्हणाले, "कासू आलं बघ." कासू म्हणजे आपल्या रोहा गाडीच्या वाटेवरचं असंच सुनं स्टेशन.

त्या बेटाच्या टोकाला समुद्रावर एक टेकडी आहे. तिची वाळू म्हणे पट्ट्यापट्ट्यांनी रंगीत, पिवळी, तांबडी, गुलाबी, करडी. ताईचा सगळा जन्म पेणच्या कारखान्यात गणपतींची पीतांबरं रंगवण्यात गेला. देवानं रंगवलेली टेकडी तिला बघायची होती, बाकी तिनं काही मागितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाली आणि भावोजी अडून बसले. लेक चिडली, जावयानं समजावलं. ताई एवढंच म्हणाली की इतक्या लांब आलोय तर बघून घेऊ. त्यावर हे म्हणाले, "राखून ठेव गो. त्याच्या ओढीनं परत यायला होईल."

ताई कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही. तिनं टेकडीच्या दिशेला हात जोडले, 'येते' म्हणाली आणि बोटीत बसली. त्यानंतर एका वर्षाचे गणपती तिनं रंगवले. दुसऱ्या वर्षीच्या गणपतींआधी ती गेली.

मी भावोजींवर फार रागावलो होतो. हा कसला विक्षिप्तपणा, बाईची एवढीशी हौस ती काय, असं मनात धुमसत होतं. दिवसकार्य आटोपल्यावर एका संध्याकाळी पेणला त्यांच्या पडवीत बसलो असताना ते मी बोलूनही दाखवलं. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टरनं मला विलायतेला जायच्या आधीच सांगितलेलं, हिचे फार दिवस राह्यले नाय. तिला ठावं नव्हतं. म्हटलं, काय तरी बघायचं राह्यलं तर ती जायची नाय."

जन्मभर ज्या खुळाला आम्ही हसलो, ते त्यांनी ताईसाठी असं पणाला लावलं होतं. तरीही ती टेकडी ताईनं बघायला हवी होती असं मला वाटतं, आणि त्यांनाही वाटत असणार. लेक अजून बोलावते. ते जात नाहीत.

आमच्याकडे मात्र येतात, एकटेच. पंगतीत जिलबी संपवतात, भात चाटून पुसून खातात. निघताना खुंटीवरची छत्री आठवणीनं काढून घेतात आणि दारात उभं राहून विचारतात, "माझं काय राह्यलं नाय ना?" मी नाही म्हणतो. खरं तर हल्ली ते आले की त्यांची छत्री कुठंतरी दडवून ठेवावी असं मला फार वाटतं.