रोज पाच पावलं सरकणारा झेंडा

शिट्टीताईंना अख्खा किनारा ओळखायचा. बावीस वर्षं त्या तिथे जीवरक्षक होत्या. निम्म्या गावाला आपण पोहायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्याला पाण्यातून ओढून काढलं, असं त्या सांगत. कोणी हसलं नाही तर पुन्हा सांगत.

मग त्यांची धाकटी बहीण घरी परतली आणि येताना खोलीभर मोठा पतंग घेऊन आली. पायाला फळी बांधायची, कमरेला पतंगाच्या दोऱ्या अडकवायच्या आणि वाऱ्याच्या जोरावर लाटांवरून सुसाट सुटायचं, असा तो खेळ. महिन्याभरात तिला आठ शिष्य मिळाले. किनाऱ्यावरच्या सगळ्यांच्या माना वर वळल्या. एकदा ताईंनी एका गृहस्थांना बुडताना वाचवलं, तर शुद्धीवर आल्यावर तेही वरच बघू लागले. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

पहिल्या दिवशी दोघींनी मिळून हद्द ठरवली होती. पोहणाऱ्यांचा शेवटचा झेंडा आणि पतंगवाल्यांची पाटी यांच्यामध्ये पन्नास पावलं मोकळी ठेवायची. पतंगाची दोरी लांब असते आणि वारा लहरी. त्या पट्ट्यात कोणीच उतरायचं नाही.

खरं दुखणं आईचं होतं. आई सत्तरीची, डोक्याला नारिंगी टोपी घालून रोज सकाळी पोहायची. पोहणं तिला ताईंनीच शिकवलेलं. आता मात्र एका सकाळी ती पतंगांच्या बाजूला सरकलेली दिसली. ताईंनी आपल्या खुर्चीवरून ते पाहिलं. शेंडेफळ परत आलं, आता थोरलीला कोण विचारतो?

 त्यांनी झेंडा उपटला, आई आपल्याच हद्दीत राहील असा पाच पावलं पतंगांकडे रोवला आणि खुर्चीही शेजारी नेली. गर्दी वाढली, असं कारण स्वतःलाच देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी आई आणखी सरकलेली. ताईंनी झेंडाही आणखी सरकवला. दहा दिवसांत मोकळा पट्टा संपला.

अकराव्या दिवशी वारा फिरला. धाकटी किनाऱ्याकडे येत असताना पतंगाने तिला झेंड्याच्या दिशेने ओढलं. वळायला जागाच नव्हती आणि समोर नारिंगी टोपी. तिने सुटकेची कळ ओढली. पतंग लुळा पडून पाण्यात कोसळला, पण एक दोरी आईच्या दंडाला गुंडाळली गेली. ताई धावल्या, त्यांनी सुरीने दोरी कापली आणि आईला बाहेर आणलं.

किनाऱ्याचे साहेब तासाभरात हजर झाले. पतंग बंद करण्याचा कागद त्यांनी प्रथमोपचाराच्या खोलीबाहेरच लिहायला घेतला.

"पट्टा कमी झालेला मला दिसत होता," धाकटी त्यांना म्हणाली. "पण ताईने केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल, असं वाटलं. मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

आत आईच्या दंडाला मलम लावणाऱ्या ताईंनी ते ऐकलं. चांगुलपणाही हिनेच दाखवावा! त्यांना त्याचाही हेवा वाटला. गप्प राहिलं की झालं, किनारा पुन्हा आपलाच.

"तुला कशाला जायचं होतं तिच्या बाजूला?" त्या आईवर खेकसल्या. "रोज आपली तिकडेच. पतंग बघायला ना?"

"कसले पतंग?" आई म्हणाली. "चष्मा काढला की मला पाण्यातून काय दिसतंय? तो लाल झेंडा तेवढा दिसतो. झेंड्यापाशी तू असतेस, म्हणून मी तिथेच पोहते. पहिल्या दिवशी जरा वाहवत गेले असेन. पण नंतर तू रोज खुर्ची हलवायला लागलीस. मग मीही आले मागोमाग."

ताईंनी मलमाची डबी बाजूला ठेवली. दंडावरचा लाल वळ त्यांनी एकदा नीट पाहिला आणि त्यावर पट्टी बांधली.

मग त्या बाहेर गेल्या. "साहेब, तो कागद थांबवा. पट्टा मी खाल्ला," त्या म्हणाल्या. "हिच्यावर जळून."

ताईंनी झेंडा उपटला आणि साहेबांच्या देखत मोठ्याने पावलं मोजत मागे निघाल्या. पन्नास झाली तिथे त्यांनी तो रोवला आणि खुर्ची आणायला वळल्या. एका हाताला पट्टी बांधलेली आई दुसऱ्या हाताने ती खुर्ची वाळूतून ओढत त्यांच्याकडेच येत होती.