तात्पुरता सांधा

"त्याला काय व्हतंय!" असं म्हणत तो उजवा हात कानाजवळून मागं झटकायचा, माशी हाकलावी तसा. डॉक्टर बोलत असोत, बायको बोलत असो की मी, उत्तर एकच. तुमच्या ओळखीत असा माणूस नसेल तर तुम्ही सुखी आहात.

मी मंचरच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. हा अवसरी बुद्रुकचा. बैलगाडा शर्यतींत माईकवर बोलणारा म्हणून त्याचं तालुक्यात नाव होतं. घरातही तो माईक हातात असल्यासारखाच बोलायचा. खुबा झिजला म्हणून कृत्रिम सांधा बसवून घेतला होता. वर्षभरानं टाक्यांच्या जागेतून पाणी येऊ लागलं. यानं त्यावर हळद दाबली, वर पायजमा चढवला आणि दोन महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी धुण्यातल्या पायजम्यावर बायकोला पू दिसला. तिनंच त्याला दवाखान्यात आणलं.

"हिला काय कळतंय," तो तिच्यासमोरच डॉक्टरांना म्हणाला.

सांध्यात जंतू शिरले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. जुना सांधा काढायचा, आतलं साफ करायचं आणि तिथं धातूच्या दांड्यावर सिमेंट चढवलेला तात्पुरता सांधा ठेवायचा. त्या सिमेंटमध्ये औषध कालवलेलं असतं, ते आतल्या आत झिरपत राहतं. सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले की पुन्हा ऑपरेशन करून कायमचा सांधा. "तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही. खाली बसायचं नाही."

"त्याला काय व्हतंय!"

ऑपरेशन झालं. इंजेक्शन द्यायला मी रोज स्कूटीवरून त्याच्या घरी जायचे. मावशी, म्हणजे त्याची बायको, अंगानं काडी; पण त्या भरभक्कम माणसाला त्याच उठवायच्या, बसवायच्या. खुर्ची बुटकी पडते म्हणून त्यांनी तिच्या पायांखाली विटा रचल्या होत्या. आल्यागेल्याला हा सांगायचा, "माझी आयडिया हाय." मावशी मुकाट्यानं चहा ठेवायच्या.

एके दिवशी मी गावाजवळ पोचले आणि कर्ण्यावरून ओळखीचा आवाज आला. "झाली, झाली, झाली... भिर्रर्र!" मला वाटलं, जुनं रेकॉर्डिंग असेल. घरी गेले तर खाट रिकामी. मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या.

"चार जण गाडी घिऊन आले व्हते. न्हाई म्हणलं, तर ह्यांनी मलाच ढकललं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्याच चौघांनी त्याला उचलून थेट दवाखान्यात आणलं. तोंड पांढरंफटक. सिमेंटचा गोळा खोबणीतून निसटला होता, दांड्यावरच्या सिमेंटला तडा गेला होता. मावशी मागून रिक्षानं आल्या. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं?

"हिनं पाडलं," तो म्हणाला. "बाथरूमला नेताना हात सोडला."

डॉक्टरांनी मावशींकडं पाहिलं. त्या खाली बघत होत्या. मला राहवलं नाही. "डॉक्टर, मी यांना दुपारी ऐकलंय. कर्ण्यावर."

"सिस्टरबाई, तुमी इंजेक्शनापुरतं बोला."

तेव्हा मावशी बोलल्या. "म्या पाडलं न्हाई." एवढंच, आणि तेही जमिनीकडं बघत. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मला फार बरं वाटलं. त्याची लाज आजही वाटत नाही.

पुन्हा ऑपरेशन, पुन्हा सिमेंटचा नवा सांधा, पुन्हा सहा आठवडे. या वेळी रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी कायमच्या सांध्यासाठी बोलावलं, तर हा येईचना. "चालतंय की! आता कशाला चिरफाड?" दोन वर्षं तो तात्पुरता सांधा आत घेऊन, काठी टेकत, लंगडत फिरला. बाजारात दिसला की मी मनात शिवी हासडायचे. एवढ्या माणसांनी राबायचं आणि यानं हात झटकायचा!

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो हार्ट अटॅकनं गेला. पाचव्या दिवशी मी भेटायला गेले, ती मावशींसाठी. त्यांनी आतून एक स्टीलची वाटी आणली. वाटीत काळवंडलेला धातूचा दांडा होता. प्लास्टिकसारखं ते सिमेंट जळून गेलं होतं, आतला दांडा राखेत राहिला होता.

"सावडताना गावला," त्या म्हणाल्या. "तात्पुरता व्हता ना ह्यो? मग दवाखान्यात परत द्यावा लागतो का?"

"नाही, मावशी."

"मोठं आप्रेशन करून घ्या म्हणून मी लई मागं लागले. पण भूल द्यायला पाठीत सुई देत्यात ना, तिला भ्यायचे. दुसऱ्या टायमाला तर माझा हात धरून रडले. कुणाला सांगू नको म्हणले. म्हणून आजवर बोलले न्हाई."

त्या माणसाबद्दल मला तेव्हाही आदर वाटला नाही, आजही वाटत नाही.

मावशींनी दांडा पदरानं पुसला. मग मान वर न करता विचारलं, "ह्यो आत असताना चालायला दुखत असंल का वो?"



"दुखत असणार, मावशी," मी म्हणाले. "रोज."