मायचं नाक

माझ्या मायचं नाक पोलिसांच्या कुत्र्यापेक्षा भारी होतं. हे मी कौतुकानं सांगते आहे. आमच्या गावातल्या दारू गाळणाऱ्यांना विचाराल तर ते जरा वेगळ्या सुरात सांगतील.

बाभुळगाव तालुक्यातलं आमचं गाव. कापसाचे ते वाईट दिवस होते. एका साली बोंडअळी, दुसऱ्या साली पावसाचा खंड, आणि दोन्ही नसले तर भाव नाही. माणसं कापूस विकून यायची ती घरी येण्याआधी नाल्याकडं वळायची, कारण नाल्याच्या काठानं मोहाच्या दारूच्या भट्ट्या लागायच्या. शेवटी गावातल्या बायांनी पदर खोचले आणि माय त्यांची पुढारी झाली.

भट्टीवालेही काही कच्चे नव्हते. दारू गाळण्याआधी मोहफुलं पाण्यात कुजत घालावी लागतात, त्याला सडवा म्हणतात. सडव्याचे माठ ते लपवून ठेवत, कधी कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली, कधी उकिरड्यात, कधी नाल्याच्या रेतीत पुरून. बाया पावडी घेऊन निघायच्या आणि माय पुढं चालायची. चालता चालता ती थांबायची, नाक वर करायची आणि म्हणायची, "इथं." खणलं की माठ निघायचाच. तो पालथा करायचा मान मायचा. त्या वेळी तिच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते मी वर्गात पहिली आले तेव्हाही दिसलं नव्हतं.

मी तिच्यासोबत असायचीच. मायचं नाक माझ्याकडं उतरलं होतं, त्यामुळं कितीदा तरी तिच्याआधी मीच थांबायची. बाबा म्हणायचे, "नाक मायचं घेतलं, आता तोंड तरी माह्यं घे." बाबा गरजेपुरतंच बोलत, म्हणून त्यांना हे सुचायचं.

अडचण अशी होती की मला तो वास आवडायचा. दारूचा नाही हं, दारूची घाण मला तेव्हाही सोसत नव्हती. सडव्याचा. आंबट, गोड, ओल्या मातीसारखा, आणि आज होता तसा उद्या नसायचा. आत काहीतरी जिवंत आहे, त्याचं काम चालू आहे, असं वाटायचं. बाकीच्या बाया नाकाला पदर लावायच्या आणि मी लांब श्वास घ्यायची. पण हे सांगणार कोणाला? आमचं बौद्ध घर. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, आलं की मायचा आवाज चढायचा आणि नजर पुरुषांच्या रांगेकडं जायची. त्यातले दोन-तीन जण खाली बघायचे. मीही खाली बघायची.

यवतमाळला केमिस्ट्री घेऊन मी बी.एस्सी. झाले. कापसात काही राह्यलं नाही असं म्हणत गावातली पोट्टी पुण्याकडं पांगत होती. मला एका मैत्रिणीकडून नाशिककडच्या एका वाइनरीच्या लॅबमधली जागा कळली. दुसरी कोणी असती तर घरी ज्यूसचा कारखाना म्हणून सांगून मोकळी झाली असती. मायच्या नाकासमोर खोटं टिकत नाही, म्हणून मी सरळ सांगितलं.

"दारूचा कारखाना," माय म्हणाली.

"दारू नाही व माय, वाइन. द्राक्षांची."

"द्राक्षं सडवतेत ना?"

"हो."

"मंग?"

या 'मंग'ला माझी पदवी पुरली नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "जाऊ दे तिले. इथं कायले ठेवतं, कापूस वेचाले?" मायनं सुपातली ज्वारी पाखडून संपवली. मग म्हणाली, "जाय. पन थेंब तोंडात गेला तर मले तोंड दाखवू नको." मी वचन दिलं आणि गेले.

पहिल्या दिवशी टाक्यांच्या हॉलचं दार उघडलं आणि माझे पाय तिथंच थांबले. तोच वास. मोहाऐवजी द्राक्षं, माठाऐवजी डोक्याच्या वर गेलेल्या स्टीलच्या टाक्या, पण वास तोच. आणि इथं कोणी पावडं घेऊन आलेलं नव्हतं, सगळे त्याला जपत होते. मला रडूच आलं. आपण कशासाठी जन्माला आलो हे लोकांना कसं कळतं कोण जाणे, मला ते नाकानं कळलं.

लॅबमध्ये मी साखर मोजायची, आंबटपणा मोजायची आणि एखाद्या टाकीतलं काम मंदावलं असलं तर वासावरून सांगायची. आमचे सर, म्हणजे तिथले मुख्य वाइनमेकर, एक दिवस म्हणाले, "नाक चांगलं आहे तुझं. माझ्या हाताखाली ये, वाइन बनवायला शिक. पण चाखावी लागेल. भाजी चाखून न बघणारा आचारी किती दिवस टिकेल?"

विचार करते म्हणाले. चाखणारे सगळे चाखून थुंकतात, तिथं बादलीच ठेवलेली असते, हे मी रोज बघत होते. पण मी दिलेल्या वचनात थुंकण्याची सवलत नव्हती. हे काम सोडावं लागणार, नाहीतर मायला मुकावं लागणार, आणि मला दोन्ही हवं होतं. न राहवून घरी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

"थांब," माय म्हणाली. "पयले मले पाहू दे."

कापूस वेचून झाल्यावर बाबांनी तिला धामणगावला रेल्वेत बसवलं. नव्या तुरीची डाळ, ठेचा आणि कपाळावरची आठी घेऊन माय नाशिकला उतरली.

सरांनी तिला चाखण्याच्या खोलीत खुर्ची दिली. माय नाकाला पदर लावून बसली. सरांनी पेल्यातली वाइन तोंडात घेतली, गुळणी केल्यासारखी फिरवली आणि बादलीत थुंकली. मग दुसऱ्यानं थुंकली, मग तिसऱ्यानं. माय एकेकाकडं बघत होती.

"इतक्या मेहनतीनं बनवता, अन् थुंकून देता?" ती पदराआडून म्हणाली.

"चाखायचं काम आहे ताई, प्यायचं नाही," सर म्हणाले. "पीत बसलो तर दुपारी चवच कळणार नाही."

माय माझ्याकडं वळली. "म्हनजे आमी गावात फुकट सांडत होतो, अन् हे पगार घेऊन थुंकतेत."

सर पोट धरून हसले. मला हसू येईना, माझा निकाल अजून लागायचा होता.

मग तिला टाक्यांच्या हॉलमध्ये नेलं. हंगाम भरात होता, सगळ्या टाक्यांत काम चालू होतं. माय दोन टाक्यांच्या मधून चालत गेली आणि एकाएकी थांबली. नाक वर झालं. ते थांबणं मी लहानपणापासून ओळखते. आता ही कुठला तरी नळ सोडून देते की काय, या धास्तीनं मी पुढं झाले. पण मायनं नाकावरचा पदर काढला आणि लांब श्वास घेतला, मी घ्यायची तसाच.

"तुले हा वास आवडते," ती म्हणाली. "लहान होती तवापासून. मले काय दिसत नव्हतं?"

मी खाली बघितलं, विहारात बघायची तसं.

"मलेबी आवडते. आवडल्याबिगर नाक इतक्या दूर धावते का?" माय टाकीकडंच बघत होती. "वासाचा राग कधीच नव्हता व. मानसं भान सोडत, त्याचा राग. पाचवं शील त्याच्यासाठीच हाये." मग तिनं मला निरखलं. "तुह्यं भान शाबूत राहीन?"

"राहीन, माय."

"मंग घे तोंडात. माह्यासमोर घे."

सरांनी टाकीच्या तोटीतून पेल्यात थोडी काढली आणि बादली पुढं सरकवली. मी घोट घेतला, तोंडभर फिरवला आणि मायच्या डोळ्यांदेखत थुंकला, तोही असा की अर्धा बादलीत आणि अर्धा सरांच्या बुटावर. नेम धरून थुंकायला मी पुढं सावकाश शिकले.

"कसं लागते?" मायनं विचारलं.

अख्ख्या शिवारातले माठ पालथे करणारी माझी माय मला विचारत होती, कसं लागते.

"कच्ची हाये अजून," मी म्हणाले. "आंबट हाये. पण होईल चांगली."

मायनं टाकीवर हात ठेवला, गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"मंग राहू दे," ती म्हणाली. "सांडू नको."