शंभर टक्के हजेरी

चांगल्या बातमीने इतका अस्वस्थ होणारा माणूस कर्जतपासून खालापूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. "घरी सगळं मजेत" असं कुणी म्हणालं, की मामा चहाचा कप खाली ठेवतात आणि सरसावून बसतात. मग समोरच्याला सासूचे गुडघे, नाहीतर निदान पंपाची जळालेली मोटर कबूल केल्याशिवाय सुटका नसते. काहीतरी बिघडलंय एवढं कळलं, की मामांचा जीव भांड्यात पडतो.

मामा फौजेतून सुभेदार होऊन आले. शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे एक वेगळंच काम होतं. दारू, मारहाण, नव्या पोरांचा छळ, जिवाचं बरंवाईट करून घेणं, हे होऊ नये म्हणून पलटणीत जे उपाय करतात ते खरंच लागू पडतात का, हे तपासायचं. एका पलटणीत सगळं चोख निघालं. व्याख्यानं झालेली, भिंतीवर तक्ते, तक्रारपेटीला चकचकीत कुलूप आणि हजेरीवर झाडून प्रत्येक जवानाची सही. मामांनी शेरा मारला, 'उत्तम'. दोन महिन्यांत तिथला एक कोवळा जवान वरच्यांच्या माराला कंटाळून पळाला, तो आजवर घरी पोचलेला नाही. मग मामांच्या ध्यानात आलं, की पहाऱ्यावर, रजेवर, दवाखान्यात चारजण तर कायम असतातच. मग सगळ्यांच्या सह्या आल्या कुठून? हयात फौजेत गेली आणि एवढं दिसलं नाही, याचं त्यांना अजून नवल वाटतं. नवल हा माझा शब्द. बायको म्हणते, मामा आतून जळतात.

तेव्हापासून भरलेल्या हजेरीशी त्यांचं वैर. रसायनीला आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताहाला मी त्यांना पाहुणे म्हणून नेलं, ही माझी चूक. मॅनेजरांनी मोठ्या अभिमानाने शंभर टक्के हजेरीचा कागद पुढे केला. मामांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "मंग गेटवर कोण हाय?" पुढचा सत्कार जरा घाईतच उरकला. गावात दारूबंदीचं व्याख्यान झालं, तेव्हा वहीत गावच्या दारू गाळणाऱ्याची सही शोधून त्यांनी तिच्यापुढे लिहिलं, 'ही खरी. माझ्या शेजारी बसला होता.'

गेल्या साली आमचा सागर फौजेत भरती झाला. दर रविवारी ट्रेनिंग सेंटरवरून त्याचा फोन यायचा, "आई, मस्त चाललंय." बायको खूश, मी खूश. मामा मात्र दर रविवारी मोहोपाड्याला आमच्याकडे येऊन तोंड पाडून बसायचे. त्यांच्या या खोडीने पोराचं मन बिघडेल म्हणून बायको चिडायची. चौथ्या रविवारी मामांनी फोन मागूनच घेतला. जेवण कसं? मस्त. शिकवणारे उस्ताद कसे? मस्त. सोबतची पोरं? मस्त.

"समदं मस्त नसतं रं सागर," मामा हळूच म्हणाले. "एक तरी नाव सांग."

मग सागर रडायला लागला. नाईक हुद्द्याचा एकजण रोज बराकीमागे नेऊन मारत होता, म्हणाला. बायकोने मामांपुढे वही-पेन सरकवलं. मामांनी नाव लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी कोटावर पदकं लावून मला घेऊन सेंटरवर गेले. तिथल्या साहेबांसमोर ते फार थोडं बोलले, पण साहेब नाईकाचं नाव लिहून घेईपर्यंत बसले नाहीत, आणि चौकशी सुरू होईपर्यंत उठले नाहीत. नाईकाला तिथून हलवलं.

पुढच्या रविवारी सागरने डाळ पातळ असते, बूट चावतात, डास आहेत अशी अर्धा तास गाऱ्हाणी सांगितली. मामा जेवण झाल्यासारखे तृप्त होऊन ऐकत होते. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्या पळालेल्या पोरालाबी मी इचारलं होतं, जावईबापू," ते म्हणाले. "सब बढिया, साब, म्हनला. अन् मी पुढच्याला हाक मारली."