पायाखालची फळी

गल्लीत त्याला सगळे रंधा म्हणत. सुतारकामात हात सोन्याचा, पण लाकूड समोर आलं की ते गुळगुळीत केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायको म्हणायची, "यांच्याकडे स्टूल दिलं तर पाट होऊन परत येतं."

शाळेच्या रिकाम्या दोन खोल्यांत वस्तीने स्वतःचं संग्रहालय करायचं ठरवलं, तेव्हा कुणी हंडे दिले, कुणी पेट्या. एका आजींनी आपल्या विणकर आईचा हातमाग दिला. त्याची डागडुजी रंध्याने फुकट अंगावर घेतली. मागाची पायाखालची फळी एका जागी खोलगट झाली होती. असली झिजकी फळी, आणि लोक म्हणणार हे रंध्याचं काम? त्याने ती तासून सपाट केली, वर पॉलिशचा हात फिरवला आणि स्वतःवरच खूश झाला.

उद्घाटनाला त्याच्या नावाने टाळ्या पडल्या. मग आजी नातीला घेऊन मागापाशी आल्या. चप्पल काढून त्यांनी फळीवर पाऊल ठेवलं, पुढे सरकवलं, मागे आणलं.

"इथं माझ्या आईच्या टाचेचा खड्डा होता. लहानपणी मी माझा पाय त्यात ठेवायचे," त्या नातीला सांगत होत्या. मग त्यांनी पाय काढून घेतला. "नाही गं, हा आपला नव्हे. दुसऱ्या कुणाचा असेल. चल."

रंध्याचं तोंड एवढंसं झालं. गप्प बसला असता तर निभावून गेलं असतं. पण म्हातारी आईचा माग परका समजून निघाली होती.

"आजी, माग तुमचाच आहे," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "फळी मी तासली. मला वाटलं, खराब झालीय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आजींनी चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. त्या मात्र परत फिरल्या आणि फळीशी बसल्या.

"म्हणजे तो खड्डा शेवटचा तूच बघितलास. हिला दाखव बाबा, कुठे होता? केवढा होता?"

रंधा गुडघ्यांवर बसला. त्याने कानामागची पेन्सिल काढली, फळीवरून हात फिरवला. हात कुठेही अडकला नाही. तासताना फळी कितीदा फिरवली होती. डावीकडे की उजवीकडे, तेही सांगता येईना. तो खड्डा त्याने नीट पाहिलाच नव्हता, नुसता काढून टाकला होता. पेन्सिल धरून तो तसाच बसला, आणि नात त्याच्या हाताकडे बघत थांबली होती.