उलट्या टोमॅटोचे अप्पा

लातूरच्या गंजगोलाईत ईश्वरप्पा हालकुड्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. उभं आयुष्य गल्ल्यावर बसून त्यांनी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगितली, की चांगलं भांडं फुटत नाही, चेपतं. आणि चेपलेलं ठोकून सरळ करता येतं. दुकान मुलाच्या, वीरेशच्या, हाती दिलं आणि अप्पा औसा रोडच्या नव्या घरात येऊन बसले. तिथे ठोकून सरळ करायला काही नव्हतं, म्हणून ते घरातल्या माणसांकडे वळले. आमटीत कढीपत्ता जास्त का, बाथरूमचा दिवा चालू का, दारावरचा मनीप्लांट डावीकडेच का वाढला. यांना काहीतरी काम लागू दे, म्हणून त्यांची बायको शिवम्मा दर सोमवारी महादेवाला साकडं घालायची. एका सोमवारी देवानं ते ऐकलं.

सुनेनं, दामिनीनं, दोन वर्षांपूर्वी मोबाईलवरून सहा हिरव्या पिशव्या मागवल्या होत्या. पिशवीला वर लोखंडी आकडा, खाली बुडाला भोक. त्या भोकातून टोमॅटोचं रोप उलटं बाहेर काढायचं, पिशवीत माती भरायची आणि पिशवी टांगून द्यायची. झाड अधांतरी लोंबकळणार आणि जागा वाचणार. अप्पांच्या घरापुढे बैलगाडी वळेल एवढं अंगण होतं, पण जागा वाचवण्याची हौस जागा असणाऱ्यालाच परवडते. त्या साली बोराएवढे चार टोमॅटो आले, वरून घातलेलं पाणी दूधवाल्याच्या डोक्यावर पडलं, आणि पिशव्या जिन्याखाली गेल्या.

त्या सोमवारी दामिनी त्या पिशव्या घंटागाडीत टाकायला निघाली होती.

"थांब," अप्पा म्हणाले. "आकडा चांगला हाय की अजून."

"अप्पा, कापड विटलंय त्याचं. उन्हानं पार चिरमडलंय."

"माणूस विटला म्हणून टाकून देतीस का?"

सुनेनं सासऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पिशव्या खाली ठेवल्या.

अप्पा कामाला लागले. जुनी माती उपसून बाहेर केली, कारण तिच्यात मागच्या झाडांचा रोग राहतो असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पिशव्या साबणाच्या पाण्यात बुडवून धुतल्या आणि दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळत घातल्या. दोन पिशव्यांचं कापड बोटानं ढोसताच टरकलं, तेव्हा त्यांना पोत्याचं अस्तर लावलं. बुडाच्या भोकातला स्पंज कुजून गेला होता. त्याच्या जागी शिवम्माच्या जुन्या उशीतला फोम कापून बसवला. हे शिवम्माला रात्री झोपताना कळलं. मग टोमॅटोची नवी रोपं, शेणखत, माती, भुसा. वऱ्हांड्याच्या लोखंडी अँगलला सहाच्या सहा पिशव्या लटकल्या. पाणी तुळशीच्या कुंडीत पडेल अशा बेतानं अप्पांनी कुंडी खाली सरकवली. महिन्याभरात त्यांनी घरात कुणालाही टोकलं नाही. शिवम्मानं देवाला नारळ वाढवला.

इथवर सगळं बरं होतं. पण शेजारी आनंदराज सर राहायचे.

सरांनी एका क्लासमध्ये वर्षानुवर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलं होतं. कुठलीही गोष्ट नुसती होत असलेली त्यांना बघवत नसे. तिला नाव लागायचं, फोटो लागायचा आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जागा लागायची. पिशव्यांचा फोटो काढून त्यांनी खाली लिहिलं, 'उलटी शेती : मराठवाड्याच्या पाणीप्रश्नाला आपल्या अप्पांचं उत्तर.' संध्याकाळपर्यंत त्याला एवढे अंगठे आले, की अप्पांनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले. दुकानात बसल्यापासून त्यांना कुणी उत्तर म्हटलं नव्हतं.

"अप्पा, तुम्ही कार्यक्रम घ्या," सर म्हणाले. "श्रीमंतभाऊंना बोलावतो."

श्रीमंतभाऊ हे वॉर्डाचे भावी नगरसेवक. निवडणूक पुढे पुढे ढकलली जात होती, त्यामुळे ते बरीच वर्षं भावीच होते आणि मिळेल तिथे हार घालून घ्यायची त्यांची तयारी असे. रविवारची तारीख ठरली. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर भाऊ पोटापर्यंत, सर छातीपर्यंत, अप्पा गळ्यापर्यंत आणि टोमॅटो कोपऱ्यात.

अडचण एवढीच, की झाडांना टोमॅटो नव्हते, नुसती फुलं होती. दुसरी अडचण त्याहून नाजूक होती. झाडं उलटी राहायला तयार नव्हती. भोकातून खाली आलेला प्रत्येक शेंडा वीतभर खाली जाऊन मुकाट्यानं वर वळला होता आणि सूर्याकडे तोंड करून बसला होता.

"हे बरोबर न्हाई," सर चिंतेत पडले. "कार्यक्रम उलट्या शेतीचा हाय. झाड उलटं दिसलं पाहिजे."

"मग काय करता?"

"वजन लावू. खाली ओढलं जाईल." सरांनी एक शेंडा बोटानं खाली दाबून पाहिला. "अन् वजन म्हणून टोमॅटोच लावले तर?"

अप्पांना ते पटलं नाही. रात्रभर पटलं नाही. सकाळी चौकातून दूध घेऊन येताना त्यांनी फ्लेक्सवरचा आपला गळा पाहिला आणि घरी येऊन शिवम्माकडे दोऱ्याचं रीळ मागितलं.

"कशाला?"

"आधार द्यायला."

शिवम्मानं वेण्या गुंफण्यात उभी हयात घालवली होती. नवऱ्याच्या बोटांना गाठ जमेना, तेव्हा तिनंच स्टुलावर चढून बाजारचे टोमॅटो देठाला हिरव्या दोऱ्यानं बांधले. "हे पाप कुणाच्या खात्यावर?" तिनं वरूनच विचारलं. अप्पांनी स्टूल आणखी घट्ट धरलं.

रविवारी शाल, श्रीफळ, सूत्रसंचालन सगळं झालं. श्रीमंतभाऊंनी भाषणात इस्राएलचं नाव दोनदा घेतलं. मग फोटोसाठी त्यांनी एक टोमॅटो धरून ओढला. शिवम्माची गाठ ती. टोमॅटो निघाला, पण सोबत हातभर हिरवा दोरा आला. दोरा भाऊंच्या मनगटाला गुंडाळला गेला. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी तो पाहिला. आता धरणी दुभंगावी असं अप्पांना वाटलं.

"हा दोरा?" भाऊंनी विचारलं.

"तंत्र आहे," सर म्हणाले.

"वा!" भाऊ म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चार बायका दाराशी आल्या. तो दोरा कुठल्या दुकानात मिळतो, हे त्यांना विचारायचं होतं.

त्यानंतर अप्पांचं स्वतःचं आयुष्य राहिलं नाही. शाळेच्या सहली आल्या. 'उलटी शेती : संधी आणि आव्हाने' या विषयावर सरांनी रविवारची बॅच सुरू केली. आणि बांधलेले टोमॅटो उन्हानं आठवड्यात सडायचे, म्हणून दर शनिवारी अंधार पडल्यावर जुने उतरवून नवे बांधायचं काम नवरा-बायकोच्या मागे लागलं. ओळखीच्या भाजीवाल्याकडून घ्यायची सोय नव्हती. एवढे टोमॅटो पिकवणारा माणूस टोमॅटो विकत का घेतो, असं त्यानं विचारलं असतं. अप्पा रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे.

अशात चाकूरहून शिवम्माचा भाऊ महादेवप्पा आला. त्याची दोन एकर टोमॅटोची बाग होती. येताना त्यानं दोन कॅरेट माल आणला होता.

"दाजी, पेपरात फोटो बघितला तुमचा," तो म्हणाला. "शाल भारी दिसायलीय."

अप्पांनी मान खाली घातली. मेहुण्याला फसवणं शक्य नव्हतं. त्यानं पिशवीकडे पाहिल्या पाहिल्या दोरा ओळखला होता. आता तो हसेल, नाहीतर थुंकेल, अशी अप्पांची अटकळ होती. महादेवप्पानं कॅरेट पुढे सरकवलं.

"बाजारचा माल कशाला बांधता? आमचाच बांधा. आडतीवर कुणी इचारत न्हाई त्याला. इथं लटकला तर फोटोत तरी येईल." मग जरा खालच्या आवाजात तो म्हणाला, "अन् भाऊंकडं माझं बी नाव घालून बघा. येवढी वर्सं सरळ टोमॅटो लावायलोय, एक टॉवेल कुणी दिला न्हाई."

त्या रात्री अप्पांना जेवण गेलं नाही. चोरी पकडली गेली असती तर सोसलं असतं. तिच्यात भागी मागितली गेली, हे सोसेना.

पुढच्या रविवारी एका यूट्यूब चॅनलची ऋतुजा नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. सर, भाऊ, बॅचमधले पंधरा-वीस लोक, सगळे अंगणात. ऋतुजानं एकेक पिशवी नीट दाखवली. टपोरे, लालभडक, चाकूरचे टोमॅटो. कडेच्या पिशवीपाशी ती थांबली. तिथे पानाआड एक हिरवट, वाकडा, सुपारीपेक्षा थोडा मोठा टोमॅटो होता. महिन्याभरात तो कधी धरला, ते अप्पांनाही कळलं नव्हतं.

"सर, हा जरा खोटा वाटतोय," ती म्हणाली. "काढून टाकू का? फ्रेम खराब होतेय."

"काढा, काढा," सर म्हणाले.

"हात लावू नका त्याला!" अप्पा ओरडले. सगळे वळले. "तेवढा एकच खरा हाय. बाकी सगळे बांधलेत. माझ्या बायकोनं बांधलेत, दोऱ्यानं. मी स्टूल धरलं होतं."

श्रीमंतभाऊ पोट धरून हसले. त्यांच्या मागून सर हसले, बॅच हसली, टाळ्या पडल्या.

"अप्पांचा विनोद!" भाऊ कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले. "एवढं यश मिळवूनही पाय जमिनीवर. अशी माणसं दुर्मिळ आहेत."

अप्पांनी एक टोमॅटो ओढून दोरा दाखवला. टाळ्या वाढल्या. त्यांनी दुसरा ओढला. लोक मोबाईल काढून उभे राहिले. शेवटी अप्पा आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शिवम्मा बाहेर आली. "ह्यांना बीपी हाय," एवढं सांगून तिनं सगळ्यांना चहा न देता वाटेला लावलं. हालकुड्यांच्या घरातून पाहुणा बिनचहाचा जाण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पिशव्या खाली उतरवल्या. दामिनीला वाटलं, आता घंटागाडी. पण अप्पांनी दाभण मागवलं, बुडाची भोकं शिवून टाकली, पाणी झिरपायला बारीक छिद्रं तेवढी ठेवली, आणि पिशव्या पुन्हा अँगलला लटकवल्या. या वेळी वरच्या तोंडातून पुदिना लावला, दोन पिशव्यांत कोथिंबीर. झाडं वर वाढली, कुणी वजन लावलं नाही.

आनंदराज सर एकदा फाटकापाशी थांबून बघून गेले.

"सरळच लावलंय की," ते म्हणाले. "ह्यात काय विशेष?"

"काहीच न्हाई," अप्पा म्हणाले.

सरांनी फोटो काढला नाही. पुढल्या महिन्यात त्यांनी बिनमातीच्या हळदीची बॅच काढली. तिच्या फ्लेक्सवर पोटापर्यंत ते स्वतः होते आणि गळ्यापर्यंत महादेवप्पा. त्याला शाल मिळाली. ती अंगावर घेऊन तो बहिणीकडे दाखवायला आला, तेव्हा अप्पा वऱ्हांड्यात पुदिना खुडत होते. त्यांनी शालीचा पोत बोटांनी चाचपून पाहिला आणि "चांगली हाय" म्हणाले, मनापासून. मग शिवम्माला हाक मारून सांगितलं, चहात चार पानं जास्तीची टाक.

"जास्त होईल," आतून शिवम्मा म्हणाली.

"होऊ दे," अप्पा म्हणाले.